जुन्या लष्करी जीपमध्ये रेडिओ: आधी गाडीची वीज, रेडिओ सर्वांत शेवटी

माझ्या जीपमधला पहिला रेडिओ सेल्फ मारताना जळला. आणि तेव्हा तो बंद होता.

बॅटरीच्या निगेटिव्हवरून चॅसीला जाणारी तांब्याच्या जाळीची पट्टी वरून धडधाकट दिसत होती. बोल्टखाली मात्र ती गंजून सुटली होती. सेल्फ मारला तेव्हा शे-दीडशे अँपिअर करंटला परतायला वाट उरली नाही, म्हणून त्याने दुसरी शोधली: इंजिन, चॅसी, रेडिओचा पत्र्याचा डबा, आणि तिथून मी मोठ्या हौसेने थेट बॅटरीला नेलेली रेडिओची निगेटिव्ह वायर. चार चौरस मिलिमीटरची ती वायर तेवढा करंट कुठून सोसणार? तिचं आवरण वितळून रबरी मॅटला चिकटलं. रेडिओ उघडला तेव्हा आतल्या सर्किटच्या पाटीवरचा अर्थचा, म्हणजे चॅसीशी जोडलेला, पट्टा काळा पडून उचकटला होता. स्विच बंद असून उपयोग झाला नाही, कारण तो फक्त पॉझिटिव्ह तोडतो.

तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे. आधी गाडीची वीज, मग वायर, मग संरक्षण, मग खरखर घालवायची आणि रेडिओ सगळ्यांत शेवटी. हा लेख त्याच क्रमाने आहे. हातात मल्टीमीटर, पाना आणि सँडपेपर असला तरी निम्मं काम होतं.

त्याआधी एक गोष्ट. भारतात पारेषक, म्हणजे प्रसारण करणारा सेट, नुसता जवळ बाळगायलाही परवानगी लागते. तो कपाटात बंद आहे की गाडीत, याने फरक पडत नाही. हौशी रेडिओची परीक्षा द्या, परवाना घ्या, मग सेट शोधा. परवान्याचा अभ्यास करताना ओहमचा नियम डोक्यात पक्का बसतो आणि खालचं सगळं सोपं होतं, हा वरचा फायदा.

गाडी किती व्होल्टची, आणि अर्थ कोणता

दुसऱ्या महायुद्धातली विलीस एमबी किंवा फोर्ड जीपीडब्ल्यू मुळात ६ व्होल्टची. १९५० नंतरची एम-३८ आणि पुढची एम-१५१ या २४ व्होल्टच्या. ब्रिटिश लष्कराच्या रेडिओसाठी खास बांधलेल्या लँड रोव्हरही २४ व्होल्टच्या. त्यांत गाडीच्या बॅटऱ्यांखेरीज रेडिओसाठी बॅटऱ्यांची वेगळी जोडी असे. पण पुस्तकातली जीप आणि तुमच्या दारातली जीप एकच असेल असं धरून चालू नका. आपल्याकडच्या बऱ्याच ६ व्होल्टच्या जीपांचं वायरिंग मधल्या पन्नास-साठ वर्षांत कुणीतरी १२ व्होल्टवर नेलेलं असतं, आणि तेही अर्धवट. बॅटरी मोजा, डायनॅमोवरची पाटी वाचा, बल्बवरचा आकडाही वाचा. तिन्ही जुळले पाहिजेत.

मग अर्थ बघा. जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ सर्रास असायचा, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक चॅसीला. अशा गाडीत आजचा निगेटिव्ह अर्थचा रेडिओ नेहमीच्या सवयीने जोडला, की डबा चॅसीला टेकताक्षणी शॉर्ट. वायरच्या रंगावर विसंबू नका. मीटरची काळी पिन चॅसीला आणि लाल पिन बॅटरीच्या सुट्या टोकाला लावा. आकड्यामागे वजाचं चिन्ह आलं तर तुमची गाडी पॉझिटिव्ह अर्थची.

आता चार्जिंग. बॅटरी पूर्ण भरलेली असताना गाडी चालू करा, ॲक्सिलरेटर थोडा दाबून धरा आणि बॅटरीवर मोजा. ६ व्होल्टच्या गाडीत साधारण ७ ते ७.३, १२ च्या गाडीत १३.८ ते १४.४ आणि २४ च्या गाडीत २७.५ ते २८.५ व्होल्ट यायला हवेत. आकडा याच्या वर चढत राहिला तर चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर आधी दुरुस्त करा, आणि तोवर रेडिओचा विचारही नको. व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, सेट थोडी चूक पोटात घालतो, ट्रान्झिस्टर घालत नाहीत.

जुना डायनॅमो आयडलिंगला जवळपास काहीच देत नाही, हेही ध्यानात असू द्या. अमीटरचा काटा शून्याच्या अलीकडेच घुटमळतो. जीपच्या डॅशबोर्डवर हँड थ्रॉटलची मूठ असते. उभ्या गाडीत रेडिओ चालवायचा तर ती थोडी ओढून इंजिनचा वेग वाढवून ठेवायचा.

रेडिओला काय हवं

ब्रिटिश लष्कराचा १९ नंबरचा सेट हा या छंदातला सगळ्यांचा लाडका. केंब्रिजच्या पाय (Pye) कंपनीने तो रणगाड्यांसाठी घडवला आणि १९४१ पासून तो वापरात आला. कॅनडात बनलेल्या काही सेटांच्या दर्शनी पट्टीवर इंग्रजीबरोबर रशियन अक्षरंही आहेत, कारण ते सोव्हिएत फौजेला पाठवले जात. हा सेट २ ते ८ मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे आपला ७ मेगाहर्ट्झचा हौशी पट्टा त्यात बसतो. त्याच्या सप्लाय युनिटमधला डायनॅमोटर, म्हणजे एकाच दांड्यावर फिरणारी मोटर आणि जनित्र, बॅटरीच्या १२ व्होल्टमधून २७५ आणि ५०० व्होल्ट तयार करतो.

६ व्होल्टच्या जीपमध्ये हा सेट कसा बसवणार? ब्रिटिशांनी त्या वेळी केलं तेच करा: रेडिओसाठी १२ व्होल्टची वेगळी बॅटरी. गाडीच्या वायरिंगशी तिचा संबंध नाही, घरी चार्जरवर भरायची, मागच्या बाजूला पट्ट्यांनी घट्ट आवळायची. नवख्याला मी कुठल्याही गाडीत हाच मार्ग सुचवतो. सेल्फ मारताना पडणारं व्होल्टेज, डायनॅमोची शिट्टी, बिघडलेला रेग्युलेटर, यांतलं काहीच रेडिओपर्यंत पोचत नाही. बॅटरी किती मोठी घ्यावी याचा हिशेब सोपा आहे. समजा सेट ऐकताना ३ अँपिअर खातो आणि बोलताना १०. वेळेचा पाचवा हिस्सा तुम्ही बोलता असं धरलं तर सरासरी ४.४ अँपिअर होते. १०० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणजे हाताशी ५० अँपिअर-तास. अकरा तास मिळाले, आणि एका दिवसाच्या मेळाव्याला ते पुरतात.

अमेरिकन व्हीआरसी-१२ कुटुंबातला आरटी-५२४ घेतलात तर तो २४ व्होल्टचा आहे, ३० ते ७५.९५ मेगाहर्ट्झचा, आणि पूर्ण शक्तीवर बोलताना सुमारे १० अँपिअर ओढतो. पीआरसी-७७ हा मुळात पाठीवरचा सेट, दीड-दोन वॉटचा. गाडीत त्याला एएम-२०६० हे जोडयुनिट लागतं. त्याशिवाय तो थेट गाडीच्या विजेला जोडू नका.

२४ व्होल्टच्या गाडीत १२ व्होल्टचा रेडिओ बसवणारे बहुतेक जण एकच चूक करतात: दोन बॅटऱ्यांच्या मधून १२ व्होल्ट काढून घेतात. चालतं, आणि म्हणूनच घात होतो. रेडिओ एकाच बॅटरीतून खातो, चार्जिंग मात्र दोघींना सारखंच. खालची, म्हणजे चॅसीकडची, बॅटरी उपाशी राहते, वरची उकळते. वर्षभरात दोन्ही जातात. २४ चे १२ करणारा चांगला कन्व्हर्टर किंवा दोन्ही बॅटऱ्या सारख्या भरलेल्या ठेवणारा बॅटरी इक्वलायझर घ्या. कन्व्हर्टर स्वस्तातला नको. तो स्वतःच इतकी खरखर करतो की ७ मेगाहर्ट्झवर दूरचं स्टेशन ऐकू येत नाही.

वायर जाड का लागते

२४० वॉट हवे आहेत आणि बॅटरीपासून रेडिओ ४ मीटरवर आहे. जाणं-येणं धरून तांबं ८ मीटर. वायर २.५ चौरस मिलिमीटरची घेतली तर तिचा रोध सुमारे ०.०५६ ओहम. २४ व्होल्टला करंट १० अँपिअर, म्हणजे वाटेत ०.५६ व्होल्ट गळतात, चालून जाईल. १२ व्होल्टला करंट २० अँपिअर, गळती १.१ व्होल्टवर जाते आणि बोलताना सेट धापा टाकतो. ६ व्होल्टला ४० अँपिअर, गळती २.२ व्होल्ट, म्हणजे सहातला तिसरा हिस्सा वायरीतच गेला आणि वायरही तापली. सैन्याने पुढे २४ व्होल्ट का धरले, ते या तीन ओळींत कळतं.

वायर बारीक तारांची, लवचिक घ्या. घरातल्या भिंतीत घालतात ती एकतारी वायर धक्क्यांनी तुटते. वायरीच्या टोकाचं धातूचं थिंबल दाबून बसवा, नुसतं डाग देऊन सोडू नका. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह एकमेकींना पीळ देऊन बरोबर न्या आणि कॉइल-डिस्ट्रिब्युटरच्या वायरींपासून हातभर दूर ठेवा. पत्र्यातून वायर जाते त्या भोकात रबरी ग्रोमेट हवाच. त्याशिवाय पत्रा आवरण कापतो, आणि तो कापतो नेमका घाटात.

निगेटिव्ह कुठे लावायची, यावर जाणकारांचंही एकमत नाही. माझं मत अनुभवातून बनलं आहे: बॅटरीची जाळीपट्टी चॅसीला जिथे मिळते त्याच बोल्टाशेजारी निगेटिव्ह लावा. थेट बॅटरीच्या टोकाला नेणार असाल तर तिच्यावरही फ्यूज हवा. माझ्याकडे तो नव्हता.

ती पट्टी तपासायची रीत सांगतो. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर वाटेत कुठेतरी गंज आहे. मग पिन हलवत जा: खांबावरून क्लॅम्पवर, क्लॅम्पवरून पट्टीवर, पट्टीवरून चॅसीवर. आकडा जिथे उडी मारतो तो जोड उघडा, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, आवळा आणि वरून ग्रीस लावा. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या गाडीला हे दर पावसाळ्यानंतर करावंच लागतं.

फ्यूज, मेन स्विच आणि उसळी

पॉझिटिव्हवरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा. तो वायरीला वाचवायला असतो, म्हणून त्याचा आकडा वायर किती सोसते त्यावरून ठरवा. रेडिओला त्याचा स्वतःचा लहान फ्यूज वेगळा. त्यानंतर हाताने फिरवायचा मेन स्विच, बसल्या जागेवरून हात पोचेल असा. धूर दिसला की पाना शोधायला वेळ नसतो.

आता उसळी. डायनॅमो किंवा अल्टरनेटर भरात चार्ज करत असताना बॅटरीचा जोड सुटला, तर त्याची सगळी ताकद क्षणात रेडिओवर येते. २४ व्होल्टच्या लष्करी गाड्यांसाठी अमेरिकेने मिल-स्टँडर्ड १२७५ नावाचं मानक केलं. त्यात रेडिओसारख्या उपकरणाने १०० व्होल्टची ५० मिलिसेकंदांची उसळी आणि २५० व्होल्टचे मायक्रोसेकंदांचे टोकदार झटके सोसावेत असं धरलं आहे. जुन्या सेटांना आणि बाजारातल्या हॅम (हौशी) सेटांना एवढी तयारी नसते. म्हणून रेडिओच्या फ्यूजनंतर पॉझिटिव्ह-निगेटिव्हमध्ये एक दणकट, एकदिश टीव्हीएस डायोड, म्हणजे जादा व्होल्टेज गिळणारा डायोड, लावा. २४ व्होल्टला ३३ व्होल्टचा. तो उसळी साधारण ५३ व्होल्टवर रोखतो. उलटी बॅटरी जोडली गेली तर तोच डायोड वाहू लागतो आणि फ्यूज उडवतो. लांबलेली उसळी मात्र त्याच्या आवाक्याबाहेरची आहे, म्हणून सवयी महत्त्वाच्या:

इंजिन चालू असताना बॅटरीचं टोक कधीही काढू नका. रेडिओ इंजिन सुरू झाल्यावरच लावा आणि इंजिन बंद करण्याआधी बंद करा. दुसऱ्या गाडीवरून जंप द्यायचा असेल किंवा चॅसीला वेल्डिंग असेल, तर रेडिओचा प्लगच ओढून ठेवा. गॅरेजवाल्याला हे तोंडी सांगून भागत नाही. मी स्टिअरिंगला पाटी अडकवतो.

खरखर

इथे घाई करू नका. खरखर घालवणं हे कान तयार करण्याचं काम आहे.

इंजिन चालू ठेवून सेट नुसता ऐका. इंजिनच्या वेगाबरोबर जलद होणारी टक-टक-टक म्हणजे प्लग आणि डिस्ट्रिब्युटर. वेगाबरोबर वर चढत जाणारी शिट्टी म्हणजे डायनॅमोचा कम्युटेटर, ब्रश घासतात ते तांब्याचं कडं. मधूनच येणारी, ताल नसलेली चरचर म्हणजे रेग्युलेटरचे पॉइंट. खात्री हवी असेल तर मोकळ्या जागी इंजिनचा वेग वाढवा आणि इग्निशन बंद करा. टक-टक त्याच क्षणी थांबते. शिट्टी मात्र इंजिन थांबेपर्यंत खाली उतरत राहते.

टक-टकवर उपाय म्हणजे रोध असलेल्या प्लग कॅप, साधारण ५ ते १० किलोओहमच्या. शिट्टीवर डायनॅमोच्या आर्मेचर टर्मिनलपासून (तिथून वीज बाहेर पडते) बॉडीला ०.५ मायक्रोफॅरडच्या आसपासचा सप्रेशन कंडेन्सर. तो फील्डच्या (चुंबकाच्या गुंडाळीच्या) टर्मिनलला चुकूनही लावू नका, रेग्युलेटरचे पॉइंट जळतात. दोन टर्मिनल शेजारीशेजारी असतात आणि ग्रीसखाली अक्षरं दिसत नाहीत, म्हणून आधी पुसा, वाचा, मग हात घाला. कॉइलच्या बॅटरीकडच्या टोकाला आणखी एक कंडेन्सर, डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटकडच्या टोकाला नको.

युद्धकाळातल्या जीपच्या बॉनेटवर नंबरानंतर एस हे अक्षर रंगवलेलं दिसतं. खरखर दाबण्याचं सगळं काम त्या गाडीवर झालेलं आहे अशी ती खूण. तसली गाडी जवळून बघायला मिळाली तर बॉनेटच्या बिजागरीकडे बघा. बॉनेट ते बॉडी, इंजिन ते चॅसी, अशा ठिकठिकाणी जाळीच्या छोट्या पट्ट्या, आणि प्रत्येक बोल्टखाली रंग खरवडून घातलेला दातेरी वॉशर. रंग हा विजेला अडवतो. सुटं बॉनेट प्लगची खरखर झेलून पुन्हा बाहेर फेकतं, म्हणजे ते स्वतःच अँटेना होतं. हौशी मंडळी गाडी रंगवताना या पट्ट्या फेकून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. वीस मिनिटांत त्या परत घालता येतात आणि फरक कानाला लगेच कळतो.

सेट उघडताना

१९ नंबरच्या सेटमधले ५०० व्होल्ट माणूस मारू शकतात. वीज तोडल्यावरही कंडेन्सरांत ते राहतात. रोध जोडलेल्या, मूठ असलेल्या पिनने ते उतरवा, मीटरने शून्य बघा आणि मगच हात घाला. एक हात खिशात ठेवायची जुनी सवय लावून घ्या.

डायनॅमोटर वीज देण्याआधी हाताने फिरवून बघा. ग्रीस दगड झालेलं असतं; बेअरिंग धुऊन नवं भरा. कम्युटेटर स्पिरिटच्या कापडाने पुसा, लागलंच तर बारीक काचपेपर वापरा. एमरी पेपर नको, त्याची पूड वीज वाहून नेते आणि फटींत अडकते. व्हायब्रेटरवर, म्हणजे बॅटरीचा करंट झरझर तोडून-जोडणाऱ्या कंपन-स्विचवर, चालणारा सेट असेल तर त्याचा बफर कंडेन्सर न तपासता सरळ बदला. तो गेला की व्हायब्रेटरही जातो. डायलवरच्या पिवळट पडलेल्या चमकत्या आकड्यांत रेडियम असू शकतं, ते खरवडू नका.

बसवणं आणि पाऊस

सेट जमिनीवर ठेवू नका, जीपच्या तळाशी पाणी साचतंच. चाकाच्या आतल्या कमानीवर जागा करा. माउंटचे रबर बोटाने दाबा. कडक झाले असतील तर बदला. रबर वीजही अडवतं, म्हणून माउंट ते बॉडी जाळीची पट्टी हवी. ताडपत्रीचं झाकण पावसापुरतंच घाला. कायम गुंडाळलेल्या सेटला आतून घाम येतो. प्लग-सॉकेट खालच्या बाजूला तोंड करून लावा आणि वायरीला त्याआधी एक झोका द्या, म्हणजे पाणी झोक्यावरून टपकेल.

नगरच्या रणगाडा संग्रहालयात गेलात तर तोफांइतकेच अँटेनाचे बुंधे निरखा, ते कुठे आणि कसे बसवले आहेत ते बघण्यासारखं आहे. आपल्या जीपवर मात्र उंच काठी उभी ठेवून गावातून जाऊ नका. ११ हजार व्होल्टच्या तारा शेताच्या वाटेवर किती खाली लोंबतात ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. काठी वाकवून दोरीने बांधा आणि थांबल्यावरच सोडा. पेट्रोल पंपावर सेट बंद.

पहिल्यांदा चालू करताना

आधी टेबलावर, करंटची मर्यादा ठरवता येणाऱ्या सप्लायवर, अँटेनाऐवजी डमी लोड, म्हणजे सेटची शक्ती जिरवणारा रोध, लावून. तासभर ऐका, वास घ्या, ट्रान्सफॉर्मरला वीज तोडून हात लावा. मग गाडीत, पण इंजिन बंद ठेवून. बोलताना रेडिओच्या टोकावर व्होल्टेज मोजा आणि बॅटरीवर मोजा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर वायरीकडे परत जा. मग इंजिन चालू करून तेच पुन्हा. हे सगळे आकडे वहीत लिहा. सहा महिन्यांनी सेट रुसेल तेव्हा ती वही उघडून कुठला आकडा हलला ते बघता येतं.

परत आल्यावर रेडिओ बंद, इंजिन बंद, मेन स्विच तोडा. दुसऱ्या दिवशी सकाळी काहीही चालू करण्याआधी बॅटरी मोजा. १२ व्होल्टची भरलेली बॅटरी रात्रभर विसावून १२.६ च्या आसपास दाखवते. १२.२ दिसले तर एकतर काल जास्त बोललात, नाहीतर मेन स्विचच्या अलीकडून कुठेतरी करंट झिरपतोय. मीटर अँपिअरवर ठेवून निगेटिव्हच्या वाटेत घाला आणि एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला काटा पडतो, ती वायर तुमची.